पंचकल्याणीची नांगरट

माझे चुलते हैबतराव यांचा मेहनतीवर फार विश्वास होता. इतका, की त्यांनी ती स्वतः कधी केली नाही. एवढ्या पवित्र गोष्टीला आपला हात कशाला लावायचा, असं त्यांचं मत असावं. सकाळी आठ वाजता ते ओटीवर बसून पानाला चुना लावत आणि समोरून जो जाईल त्याला थांबवून मेहनतीचं महत्त्व सांगत. माले गावात सकाळी आठ वाजता रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मेहनत करायलाच निघालेला असे. तो बिचारा डोक्यावरचा भारा न उतरवता सगळं ऐकून घेई आणि मग उशीर झाला म्हणून पळत सुटे.

मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठलो. त्यामुळं विसाव्या वर्षी तात्यांच्या (चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू) ओटीवर पानाचा डबा सरकवण्याचं काम माझ्याकडं आलं होतं. पुढची हकिकत मला ठाऊक आहे ती त्या डब्यामुळं.

छप्पन्न सालची दिवाळी. कूळकायद्याची बातमी गावात आली होती. येत्या एक एप्रिलला जो माणूस ज्या जमिनीत कूळ म्हणून राबत असेल, ती जमीन त्याच्या नावावर व्हायची. तात्यांची जमीन पुष्कळ होती, पण काळजी होती ती आंब्याच्या वावराची. नदीकडचं, काळंभोर, भाताला एक नंबर. बांधावर एक आंबा होता, त्याला आंबे कधी लागले नाहीत. ते वावर बारकू कसायचा. त्याआधी त्याचा बाप आणि त्याच्याही आधी आजा. बारकू वरच्या डोंगरातल्या वाडीचा. दर वर्षी अर्धं भात तात्यांच्या कणगीत ओतायचा आणि उरलेल्यात घर चालवायचा. वावर गेलं असतं तर त्याच्याकडं डोंगर तेवढा राहिला असता, आणि तोही जंगलखात्याचा.

"वहिवाट तोडा," पौडच्या एका वकिलानं आमच्या ओटीवर बसून, आमचंच पान खात सांगितलं. "दिवाळीपासून एप्रिलपर्यंत त्याला त्या जमिनीत राबू देऊ नका. मग कसला कायदा नि कसलं कूळ!"

पण बारकूला सरळ हाकललं असतं तर त्याची बायको फुलाबाई दारात येऊन बसली असती. फुलाबाई दारात बसली की तिचा आवाज नदीपलीकडं ऐकू जाई आणि पलीकडची माणसं काठावर येऊन पुन्हा एकदा सांगा म्हणून ओरडत. म्हणून तात्यांनी दोन दिवस विचार केला आणि घोडी विकत घेतली.

यात काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

घोडी कासारसाईच्या बाजूच्या एका घोडेवाल्याकडून आणली. पंचकल्याणी आहे, म्हणजे चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, असं सांगून त्यानं ती दिली. पहिल्या आंघोळीत दोन पाय धुतले गेले. तिसऱ्या पायाबद्दल घरात अजून वाद आहे. तात्यांनी तिचं नाव बिजली ठेवलं. तिचा आतापर्यंतचा जन्म भांडी, वाकळा आणि कोंबड्यांची डालगी वाहण्यात गेला होता, त्यामुळं पाठीवर कोंबडी ओरडल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बारकूला बोलावणं धाडलं.

"बारक्या, आजपासनं नांगर बंद. ही घोडी तयार करायची. चैत्राच्या यात्रंला मी हिच्यावर बसून देवळाम्होरं जाणार."

"मालक, मला घोड्यातलं काय कळतंय? मी बैलं शिकिवनारा मानूस."

"हिला चार पाय हायेत का न्हाई?"

"हायेत."

"शेपूट हाय?"

"हाय जी."

"मग झालं तर! मेहनत घे. मेहनतीनं काय होत न्हाई?"

"आन् आंब्याचं वावर?"

"त्याची तू अजिबात काळजी करू नगंस," तात्या इतक्या मायेनं म्हणाले की मला भीतीच वाटली.

संध्याकाळी फुलाबाई आलीच. ती ओटीच्या खाली उभी राहिली आणि तात्यांकडं न बघता घोडीशी बोलली.

"का गं बाय, तुझ्या पायी आमचं वावर सुटलं, तर आमी काय तुझी लीद खायाची?"

घोडीनं शेपटी उडवली. तात्यांनी पानाला चुना लावला.

शिक्षण अंगणात सुरू झालं. तात्यांनी पुण्याहून खोगीर आणलं होतं. ते घोडीवर चढवायचं आणि त्याच्यावर मला. आठ दिवसांत मी सात वेळा पडलो. एक दिवस अमावस्या होती म्हणून सुटी होती. गोजराकाकी, म्हणजे तात्यांची बायको, दळण निवडता निवडता सगळं बघत असे.

"उतरायला तर शिकलास की रं वाल्या," ती म्हणाली. "आता बसायचं तेवढं ऱ्हायलं."

आठव्या दिवशी बारकू माझ्या पाठीला तेल चोळत बसला होता. चोळता चोळता म्हणाला, "धाकलं मालक, हे अंगनात जमायचं न्हाई. मस्तवाल खोंडाला आमी भुसभुशीत रानात घालतो. पाय रुततात, दम जातो, मग आपसूक ऐकतो. हिलाबी तसंच कराया पायजे."

"भुसभुशीत रान कुठं आहे?"

बारकूनं बराच विचार केला. माले, मुळशी, पार घाटापर्यंतचा मुलूख त्यानं मनातल्या मनात पालथा घातला असावा.

"आंब्याचं वावर हाय की," तो म्हणाला.

भात नुकतंच निघालं होतं, ओल होती. बारकूनं घोडीच्या छातीला गोणपाटाचा जाड पट्टा बांधला, त्याला दोर लावले आणि मागं नांगर जोडला.

"बारकूदादा, तात्यांनी नांगर बंद सांगितलाय."

"मी कुटं नांगरतोय? मी घोडी शिकिवतोय. मागं वजन नगं का तिला?"

त्याचा चेहरा पाण्यात बसलेल्या म्हशीइतका निर्विकार होता. घोडीवर खोगीर, खोगिरावर मी, मागं नांगर आणि नांगरावर बारकू, अशी आमची वरात निघाली. नांगराला जुंपून घोडेस्वारी शिकलेला माणूस माझ्याशिवाय कुणी असेल, तर त्यानं कृपा करून पत्र टाकावं.

आता बारकूला घोड्याची भाषा येत नव्हती. त्याच्याकडं होती ती बैलांची. चालायचं असलं की 'हिर्र'. थांबायचं असलं की 'होऽऽ'. तेही लांबवून, पोटातून. नुसतं तुटक 'हो' म्हटलं तर बैल ते मोजत नाही, आणि बारकूच्या हाताखाली आठवडाभरात घोडीही मोजेनाशी झाली. लांब 'होऽऽ' म्हटलं की मात्र खुंटा ठोकल्यासारखी उभी.

पंधरा दिवसांत वावर पुरं नांगरून झालं. म्हणजे घोडी थोडीफार शिकली. मग खुराकाचा प्रश्न आला.

"मालक, घोडीला हरभरा लागतोय," बारकूनं ओटीखालून सांगितलं.

"लागतोय तर दे की! सगळं मलाच इचारणार का? खुराकाचं तुझं तू बघ."

बारकूनं बघितलं. आंब्याच्या वावरात हरभरा पेरला. पुढं घाटे भरल्यावर त्यानं हिरवा हरभरा जाळावर भाजून पाटीभर घरी आणून दिला. तात्यांनी ओठ काळे होईपर्यंत खाल्ला.

"कुटला रं हा?"

"घोडीचा हाय, मालक."

"मग बराबर," तात्या म्हणाले आणि आणखी एक मूठ घेतली.

तुम्ही म्हणाल, हा माणूस एकदाही वावराकडं फिरकला नाही? नाही. आंब्याचं वावर घरापासून अर्ध्या मैलावर, टेकाडाच्या वळणाआड. तिथं जाण्यात चालण्याची मेहनत होती. तात्या रोज सकाळी मला विचारत, "मेहनत चाललीय का?" मी म्हणे, "चालली आहे." ते समाधानानं पिचकारी टाकत. सहा महिने त्यांनी माझ्याकडून खरं तेच ऐकलं. खोटं बोलायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

हरभरा निघाला. बारकूनं रान तापायला हवं म्हणून, म्हणजे घोडीचा सराव तुटू नये म्हणून, पुन्हा नांगर धरला. आता मी पडत नव्हतो. घोडी दोरी धरल्यासारखी सरळ चाले, बांधाशी पोचली की आपण होऊन वळे आणि पहिल्या तासाला, म्हणजे नांगराच्या ओळीला, लागून दुसरं तास धरे. तेवढी एकच खोड तिला लागली. रस्त्यावर नेली तरी ती सरळ जाई, कुणाची तरी भिंत आली की वळे आणि आल्या वाटेनं वीतभर बाजूनं परत येई. देवळापर्यंत जायचं म्हणजे गावाची निम्मी नांगरट होई.

एक एप्रिलला तात्या पहाटेच उठले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी बारकूला दारातच गाठलं.

"आज दिसभर घोडीवर मेहनत घ्यायची. दुसऱ्या कशालाबी हात लावायचा न्हाई. कळलं?"

"व्हय मालक."

त्या दिवशी बारकूनं सूर्य बुडेपर्यंत आंब्याचं वावर नांगरलं. भाकरी घेऊन आलेली फुलाबाई बांधावर बसून बघत होती. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून ती सांगत होती, "बघा वं बघा, मालकाची घोडी कशी शिकतीया!" लोक थांबून बघत. गावात इतक्या जणांनी एका दिवसात एक नांगर कधी बघितला नव्हता.

तरी तिच्या जिवाला घोर होताच. तलाठी भाऊसाहेबांना ती दोनदा भेटून आली होती. ते म्हणाले होते, "लोकांचं सांगणं राहू दे बाई. मालक कबूल झाला तर काम सोपं. नाही तर वर्षानुवर्षं कज्जा." आणि तात्या कबूल होतील, हे बांधावरच्या आंब्याला आंबे लागण्याइतकं नक्की होतं.

यात्रा आली. त्या साली पाहुणे म्हणून पौडच्या कचेरीतले नवे साहेब यायचे होते. पुण्याच्या पेठेतले, चष्मेवाले, प्रत्येक गोष्ट लिहून घेणारे. यात्रेचा नारळ फोडायचा आणि जाता जाता कुळांच्या नोंदीही बघायच्या, असा त्यांचा काटकसरी बेत होता. तात्यांनी ठरवलं, घोडीवरून सामोरं जायचं आणि साहेबांना मिरवत आणायचं. गुलाबी फेटा बांधला. ओटीवरून घोडीवर उतरले, म्हणजे त्यांना चौघांनी उतरवलं.

"बारक्या, मी वर असताना तू तोंड उघडायचं न्हाई," तात्यांनी बजावलं. "घोडी माझ्या धाकात हाय असं लोकांना दिसलं पायजे. काय झालं तरी गप."

"व्हय मालक."

साहेब, भाऊसाहेब आणि यात्रेची शंभरेक माणसं टेकाडाच्या वळणापाशी भेटली. तिथंच फुलाबाई पदर खोचून वाट अडवून उभी होती.

"सायेब, नारळ मागनं फोडा. ह्या वावराची नोंद तेवढी आदी बघा."

साहेब थांबले. चष्मा पुसला. भाऊसाहेबांनी दप्तर सोडलं. एवढ्यात तात्या वळणावरून आले. त्यांना साहेबांकडं जायचं होतं. पण घोडीला उजव्या हाताला आंब्याचं वावर दिसलं, आणि सहा महिन्यांत त्या वळणावरून ती दुसरीकडं कधी गेली नव्हती. ती शांतपणे बांधावरून खाली उतरली आणि पहिलं तास धरून चालू लागली.

"अरं! ए! कुटं?" तात्यांनी लगाम ओढला. बिजलीनं लगामाला किंमत दिली नाही. ती टोकाला गेली, वळली, परत आली. साहेब बांधावर उभे होते, त्यांच्या पुढ्यातून ती जाऊ लागली.

"हैबतराव," साहेबांनी अदबीनं विचारलं, "ही जमीन आपलीच ना?"

"हो! हो! हो!" तात्या घोडीवर खेकसले. पण भेदरलेल्या माणसाचा आवाज लांबतो थोडाच. तुटक 'हो' घोडीनं मोजलं नाही. ती पुढं गेली.

"लिहा," साहेब भाऊसाहेबांना म्हणाले. "मालकी मान्य."

तात्या टोकाला जाऊन वळून आले. फेटा सुटून मागं शेपटीसारखा लोंबत होता. बारकू दोन्ही हात जोडून, ओठ घट्ट मिटून उभा होता.

"आणि हा बारकू इथं कूळ म्हणून राबतो म्हणतात, ते खरं आहे का?"

"हो! हो की गं! हो, हो!"

"चार वेळा," साहेब म्हणाले. "लिहा."

यात्रेकरू एव्हाना बांधावर ओळीनं बसले होते. कुणीतरी शेंगा काढल्या. मघापासून पिपाणी वाजवणारा म्हातारा पिपाणी खाली ठेवून नीट ऐकू लागला. घोडी तिसऱ्या तासाला लागली. तात्यांनी आता दोन्ही हातांनी तिची आयाळ धरली होती.

"शेवटचं विचारतो, हैबतराव. एक एप्रिल या दिवशीही हाच इथं कसत होता?"

"होऽऽऽऽ!" तात्यांनी बेंबीच्या देठापासून आरोळी मारली. बारकूच्या 'होऽऽ'च्या तोडीची.

घोडी जागच्या जागी उभी राहिली. तात्या राहिले नाहीत. ते तिच्या मानेवरून पुढं गेले आणि नांगरलेल्या, तापलेल्या, उत्तम भुसभुशीत मातीत पालथे पडले. एवढी मऊ जमीन नसती तर हाड मोडलं असतं. बारकूच्या मेहनतीचा पहिला लाभ तात्यांनाच झाला, हे नमूद केलं पाहिजे.

आम्ही त्यांना उठवलं. तोंडातली माती थुंकून ते ओरडले, "सायेब, ते खोडा! मी घोडीला म्हनत व्हतो!"

"घोडीनं काही विचारलं होतं का?"

"तसं न्हवं! आमच्याकडं हो म्हंजी थांब!"

"अस्सं. मग 'होय'ला काय म्हणता?"

"व्हय!"

साहेबांनी हा शब्द नीट लिहून घेतला. "पण घोड्याला असं थांबवल्याचं मी ऐकलेलं नाही. ही बैलांना सांगायची रीत झाली."

"वाल्या!" तात्या माझ्यावर धावले. "हिला बैलावानी का शिकिवलं रं?"

"नांगराला जुंपून शिकवली, तात्या. तुम्हीच म्हणाला होता, मेहनत घ्या."

तात्यांचा एक गुण होता. वादात ते जिंकत असले की काय हरतोय तिकडं लक्ष नसे. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बघा सायेब! ऐकलं का? म्हनून ती हो म्हंजी थांब समजतीया!"

"म्हणजे ही घोडी नांगराला जुंपत होते?"

"व्हय!"

"याच वावरात?"

"व्हय, मग आनि कुटं?"

"कोण जुंपत होतं?"

"ह्यो बारक्या! सा महिनं झालं राबतोय त्यो हितं!"

साहेबांनी चष्मा काढला आणि भाऊसाहेबांकडं वळले. "आता दोन्ही भाषांत झालं. सही घ्या."

सही तात्यांनी केली नाही. पण शंभर माणसांनी आपणहून अंगठे पुढं केले. पिपाणीवाल्यानं तर दोन्ही हातांचे केले.

कागदाला वर्ष लागलं. तात्यांनी दोन वकील केले. दोघांनीही 'हो' या शब्दावर भाषणं केली आणि दर वेळी समोरच्यानं 'मग घोडी हे शिकली कुठं?' एवढंच विचारलं. अखेर आंब्याचं वावर बारकूच्या नावावर चढलं. त्या दिवशी बारकूनं प्रथम तोंड उघडलं म्हणायचं. मी त्याला विचारलं होतं, "बारकूदादा, खरं सांग, तुला पहिल्यापासून ठाऊक होतं ना?"

"काय ठावं असनार, धाकलं मालक?" तो म्हणाला. "वावर पडीक ठेवायचं म्हनल्यावर मला रातभर झोप लागंना. एवडंच."

घोडीचा प्रश्न गोजराकाकीनं सोडवला. वावर गेल्यावर घरचा हरभरा गेला आणि विकत घालायला तात्या तयार नव्हते. काकीनं घोडीचा दोर फुलाबाईच्या हातात दिला. "हिचं खाणं तुमच्या वावरात पिकतंय. हिलाबी तिकडंच न्या. हितं दुसऱ्या एकाला बसून खायला घालतीय तेवढं पुरं झालं." मला माझ्या मेहनतीबद्दल खोगीर मिळालं. घोडीशिवाय खोगिराचं काय करतात, ते मी अजून शोधतो आहे.

पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेत तात्यांचं भाषण ठेवलं होतं. विषय अर्थातच मेहनत. तात्यांनी पोरांना सांगितलं, की वरच्या वाडीतल्या एका गरीब माणसानं सहा महिने घोडी शिकवण्यात घाम गाळला, आणि त्याचे कष्ट बघून आम्हीच खुशीनं त्याला घोडीही दिली आणि वावरही दिलं. मेहनतीचं बक्षीस असं मिळतं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या म्हणून पोरांनी वाजवल्या.

फुलाबाई कुंपणापाशी गवताचा भारा घेऊन उभी होती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"सा महिनं घोडी राबली म्हनून वावर मिळालं व्हय?" ती म्हणाली. "मग आमचा म्हातारा सासरा जलमभर तितं काय यात्रा बघत व्हता?"

आवाज नदीपलीकडं गेला. पोरं तात्यांकडं बघू लागली. तात्या पुढं काही बोलणार, तोच गुरुजींनी घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळ्यांना ताठ उभं राहावं लागलं.